मांडवा ते तेरेखोल: नागपूरकर मित्रमंडळींनी किनाऱ्याची सायकल मोहीम पूर्ण कशी करावी

अलिबागजवळच्या मांडव्यापासून गोव्याच्या हद्दीवरील तेरेखोलपर्यंतची आमच्या पाच जणांच्या गटाची कोकण किनाऱ्याची पहिली सायकल मोहीम आम्ही गुहागरला सोडून दिली. कोणी पडले नव्हते, कोणाची सायकल मोडली नव्हती आणि पायांतले बळही संपले नव्हते. संपले होते ते दिवस. परतीचे तिकीट तीन दिवसांवर आले होते, तेरेखोल अजून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर होते, आणि ‘रोज शंभर किलोमीटर’ हा आमचा हिशेब रामटेकच्या सपाट रस्त्यावर चहा पिताना मांडलेला होता. दुसऱ्या खेपेला तीच पाच माणसे तेरेखोलच्या धक्क्यावर उभी राहिली. वय दोन वर्षांनी वाढले होते आणि सायकलीही त्याच होत्या, पण त्या वेळी नियोजन परतीच्या तिकिटापासून सुरू करून मागे मांडव्यापर्यंत आणले होते. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने केले आहे. मोहीम सुरू कशी करावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून येथे भर ती पूर्ण करण्यावर आहे.

पहिली पायरी: रस्त्याचा स्वभाव ओळखावा

समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, ही नागपूरकराची पहिली समजूत आणि पहिली चूक. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर असले तरी त्याच्या भोवतीचा प्रदेश इतका समतल आहे की दिवसभर सायकल चालवूनही चढ म्हणून फार तर एखादा उड्डाणपूल आठवतो. कोकणात मात्र सकाळी समुद्रसपाटीवरून निघून संध्याकाळी समुद्रसपाटीवरच मुक्काम करायचा असला, तरी मधल्या वेळात शे-दीडशे मीटरची चढण अनेकदा चढावी लागते. सह्याद्रीतून उगवलेल्या आखूड नद्या जांभ्याचे पठार कापत समुद्राला मिळतात. त्यामुळे गावे आणि बंदरे खाडीच्या मुखाशी वसली आहेत आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा उघडा सडा पसरलेला आहे. रस्ता गावातून निघाला की नागमोडी वळणांनी सड्यावर चढतो, तेथे दोन-चार किलोमीटर सावलीविना जातो आणि पुढच्या खाडीकडे तितक्याच तीव्रतेने उतरतो. हे चढ लांब नसतात, पण उभे असतात, आणि दिवसातला पाचवा चढ पहिल्यापेक्षा दुप्पट वाटतो.

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग कागदावर एकसंध दिसतो, परंतु त्यावरच्या सगळ्या खाड्यांवर पूल झालेले नाहीत. रेवदंडा-साळाव, आंजर्ले, आरे-वारे, पूर्णगड, जैतापूर येथे पूल आहेत. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या चार ठिकाणी फेरीबोटीने पलीकडे जावे लागते. स्थानिक लोक तिला ‘जंगलजेट्टी’ म्हणतात आणि तिच्यावर मोटारी, एसटी व सायकली सारख्याच सहज चढतात. मोबाइलमधला नकाशा काही वेळा अर्धवट बांधलेल्या पुलावर किंवा पायवाटेवर नेऊन सोडतो. म्हणून प्रत्येक खाडीच्या आदल्या मुक्कामी ‘जेट्टी चालू आहे ना, आणि शेवटची फेरी किती वाजता?’ एवढे दोन प्रश्न विचारून ठेवावेत. दाभोळची शेवटची फेरी चुकली आणि तरीही त्याच दिवशी गुहागर गाठायचे ठरवले, तर खेड-चिपळूणमार्गे शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा पडतो. त्यापेक्षा दाभोळलाच पथारी पसरणे शहाणपणाचे ठरते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. कोकणात वाट विचारली की ‘सरळ जा’ असे उत्तर मिळते आणि ते पूर्ण सद्भावनेने दिलेले असते, पण त्या मुलखात सरळ असा रस्ताच नाही. पुढच्या गावाचे नाव विचारावे आणि त्या नावाने पुन्हा पुढे विचारावे.

दुसरी पायरी: परतीची सोय आधी ठरवावी

कोणत्या गावी मोहीम संपणार आणि तेथून माणसे व सायकली नागपूरला कशा येणार, हे ठरल्याशिवाय निघण्याची तारीख ठरवू नये. रेल्वेच्या नियमांनुसार सायकल ही प्रवाशासोबत मोफत नेता येणाऱ्या सामानात धरली जात नाही. ती गाडीच्या ब्रेक व्हॅनमधून, म्हणजे सामानाच्या डब्यातून, पाठवावी लागते. याचे दोन प्रकार आहेत. आपल्या तिकिटावर ‘लगेज’ म्हणून नोंदवली तर ती आपल्याच गाडीने येते. ‘पार्सल’ म्हणून पाठवली तर ज्या गाडीत जागा मिळेल तिने येते, आणि ती जागा कधी मिळेल हे कोणी सांगत नाही. शिवाय काही गाड्यांतील ब्रेक व्हॅनचा कप्पा खासगी कंत्राटदाराला भाड्याने दिलेला असतो. तसे असल्यास नोंदणी त्याच्यामार्फतच होते. त्यामुळे प्रवासाच्या आठवडाभर आधी नागपूर स्थानकाच्या पार्सल कार्यालयात स्वतः जाऊन चौकशी करावी, कारण फोनवर मिळालेले उत्तर खिडकीवर बदलू शकते.

दुसरी अडचण थांब्याची आहे. कोकण रेल्वेच्या छोट्या स्थानकांवर गाडी दोनेक मिनिटे थांबते. एवढ्या वेळात पाच सायकली ब्रेक व्हॅनमध्ये चढत नाहीत, आणि प्रत्येक स्थानकावर अशी नोंदणी होतेच असेही नाही. म्हणून सायकल चढवण्याचे आणि उतरवण्याचे स्थानक शक्यतो गाडीचे आरंभीचे किंवा अखेरचे असावे. जाताना हे साधते: नागपूरहून मुंबईच्या दुरांतोसारखी नागपुरातच तयार होणारी गाडी घेतली तर इकडे चढवायला वेळ असतो आणि सीएसएमटीला उतरवायलाही. दादरला उतरण्याचा मोह टाळावा. सीएसएमटीहून भाऊचा धक्का तीन-चार किलोमीटरवर आहे आणि तेथून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीवर सायकल नेता येते. २०२० साली सुरू झालेली ही सेवा आपल्यासाठी वरदान आहे, कारण पनवेल आणि वडखळचा अवजड वाहतुकीचा रस्ता तिच्यामुळे सरळ वगळता येतो.

येताना प्रश्न खरा अवघड होतो. तेरेखोलहून मडगाव स्थानक गाठायला सायकलने जवळजवळ पूर्ण दिवस लागतो आणि त्यातला बराचसा रस्ता गोव्याच्या वाहतुकीतून जातो. नागपूर-मडगाव विशेष गाडी वेळोवेळी सोडली जाते. ती आपल्या तारखांना असेल तर हा पर्याय उत्तम. ती नसल्यास माझी पसंती कोल्हापूरला आहे. तेरेखोलहून मागे सावंतवाडीला यावे, तेथून एक पिकअप टेम्पो ठरवून आंबोली घाटाने कोल्हापूर गाठावे आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरला यावे. ही गाडी एक दिवस आणि एक रात्र खाते, परंतु ती कोल्हापुरातूनच निघत असल्याने सायकली निवांत चढवता येतात. नागपूरला मात्र गाडी थांबताच दोघांनी ब्रेक व्हॅनकडे धाव घ्यावी, कारण ती पुढे गोंदियाला जाते आणि न उतरवलेली सायकलही सोबत जाते.

सहा जण असतील आणि खर्च वाटून घेण्याची तयारी असेल, तर मोठा पिकअप नागपूरपासूनच ठरवणे हा तिसरा मार्ग. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाल्यापासून मुंबईच्या बाजूला पोहोचणे पुष्कळ सोपे झाले आहे. त्या महामार्गावर सायकल चालवण्यास मनाई आहे, हे मात्र उत्साही मित्रांना आधीच सांगून ठेवावे. आमच्यात तसा विचार मांडणारा एक निघाला होता.

तिसरी पायरी: दिवसांची मांडणी मागून पुढे करावी

परतीची तारीख हाती आली की उलटे मोजायला घ्यावे. तिच्या आदला दिवस रिकामा ठेवावा. त्याच्या आदल्या दिवशी वेंगुर्ल्याहून तेरेखोलपर्यंतचा पस्तीसेक किलोमीटरचा छोटा टप्पा असावा. त्याआधी मालवण ते वेंगुर्ले, परुळे आणि म्हापणमार्गे. त्याआधी विजयदुर्ग परिसर ते मालवण, देवगड, कुणकेश्वर आणि आचऱ्यावरून. त्याआधी रत्नागिरी ते विजयदुर्ग परिसर, पावस, पूर्णगड, जैतापूर असा. हे दोन्ही टप्पे पाऊणशे ते ऐंशी किलोमीटरचे आहेत आणि संपूर्ण मोहिमेतील सर्वांत कठीण तेच आहेत. गट थकलेला असतो आणि सडेही रुंद होत जातात.

रत्नागिरी हा या मोहिमेचा मध्य आहे आणि मोहीम तरणार की बुडणार हे तेथे ठरते. गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरी सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. त्या दिवशी एवढेच अंतर ठेवावे. सकाळी दहापर्यंत पोहोचून कपडे धुणे, सायकलींची साफसफाई, औषधाचे दुकान, केशकर्तनालय, काय हवे ते उरकावे. येथे मोठे रेल्वे स्थानक आहे, बसस्थानक आहे, रुग्णालये आहेत. ज्याला पुढे जाणे शक्य नाही त्याने येथून परतावे. रत्नागिरीच्या पुढे विजयदुर्ग किंवा आचरा येथून माघार घेणे त्याला आणि गटाला, दोघांनाही महागात पडते. राखीव दिवसही येथेच ठेवावा. तो लागला नाही तर थिबा राजवाडा आणि लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान पाहण्यात सुखाने जातो.

रत्नागिरीच्या अलीकडचा अर्धा भाग असा बसतो: पहिल्या दिवशी मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद आणि मुरूड, दुसऱ्या दिवशी आगरदांडा-दिघी ओलांडून दिवेआगर, श्रीवर्धन व हरिहरेश्वर, तिसऱ्या दिवशी बागमांडला-वेसवी ओलांडून केळशी, आंजर्ले, हर्णै आणि दापोलीजवळचे मुरूड, चौथ्या दिवशी दाभोळ ओलांडून गुहागर, पाचव्या दिवशी हेदवी, तवसाळ, जयगड, केशवसुतांचे मालगुंड आणि गणपतीपुळे. सरासरी रोज साठ-सत्तर किलोमीटर. नागपुरात हा आकडा ऐकून लोक हसतात. आम्हीही हसलो होतो. एकूण अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, सायकलवरचे दिवस दहा, राखीव दिवस व प्रवास धरून रजा चौदा दिवसांची.

महिना निवडताना नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ धरावा, आणि त्यातून नाताळ ते नववर्ष हा आठवडा वगळावा. त्या दिवसांत किनाऱ्यावर खोल्या मिळत नाहीत आणि अरुंद रस्त्यांवर पर्यटकांच्या मोटारी मावत नाहीत. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे अशीच ठेवावी. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुधा वायव्येचा असतो, म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीशी येतो. गोव्याकडून वर येणाऱ्याला तोच वारा रोज छातीवर घ्यावा लागतो.

चौथी पायरी: नागपुरातच चढाचा सराव

तीन महिने पुरतात, पण ते चढावर घालवावेत. शहरात सेमिनरी हिल्सखेरीज नाव घेण्याजोगा चढ नाही. तोच चढ सकाळी आठ-दहा वेळा चढणे कंटाळवाणे असले तरी कोकणाच्या आखूड, उभ्या चढांशी त्याचे साम्य आहे. फुटाळ्यावर गप्पा मारून परतणाऱ्या गटाने हे विशेष लक्षात घ्यावे. रविवारी रामटेकला जावे, गडाचा चढ सामानासह दोनदा चढावा आणि परत यावे. शंभर किलोमीटर भरतात. यापेक्षाही मोलाचा सराव म्हणजे शनिवार आणि रविवार असे सलग दोन दिवस सत्तर-सत्तर किलोमीटर चालवणे. एका दिवसात शंभर किलोमीटर जाणारे पुष्कळ असतात; दुसऱ्या सकाळी पुन्हा खोगिरावर बसणे ही वेगळी विद्या आहे. शक्य असल्यास एक शनिवार-रविवार परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून यावे. विदर्भात एवढा सलग चढ सहसा मिळत नाही, आणि तो चढून आलेल्याला केळशीचा चढ घाबरवत नाही.

उन्हाविषयी आपण नागपूरकर थोडे गर्विष्ठ असतो. सेहेचाळीस अंशांत सीताबर्डीतली गर्दी पाहिलेल्या माणसाला कोकणातले बत्तीस अंश काय करणार, असे वाटते. परंतु आपली उष्णता कोरडी आहे. घाम येताच वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. किनाऱ्यावर हवेतच इतकी आर्द्रता असते की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग थंड होत नाही आणि पाणी व मीठ मात्र शरीरातून जात राहते. त्यात आपण डिसेंबरातल्या दहा-बारा अंशांच्या पहाटेतून निघालेले असतो. शरीराला सवय लागायला किमान आठवडा जातो, म्हणून पहिले तीन दिवस जोर करू नये.

पाचवी पायरी: सायकल आणि सामान

महाग सायकलीची गरज नाही, हलक्या गिअरची आहे. पुढे तीस-बत्तीस दात्यांच्या आतले चाक आणि मागे किमान बत्तीस-चौतीस दात्यांचा गिअर असावा. नसल्यास नागपुरात बदलून घ्यावा. टायर पस्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंदीचे असावेत. उतारांवर जांभ्याची लाल धूळ ब्रेकमध्ये शिरून ब्रेक पॅड लवकर झिजतात, त्यामुळे निघताना नवे बसवावेत आणि एक जोडी सोबत घ्यावी.

किनाऱ्यावरच्या गावांत पंक्चरची दुकाने सापडतात, पण ती स्कूटर आणि रिक्षांची असतात. ट्यूबचा वॉल्व्ह बारीक असेल तर त्यावर बसणारा अडॅप्टर खिशात हवा, नाहीतर हवा भरणारा समोर उभा असूनही हवा भरता येत नाही. माणशी दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पंप, साखळीची जोडकडी, ब्रेक व गिअरची एकेक केबल आणि मागचा गिअर जिच्यावर लटकतो ती हँगरची पट्टी एवढे असावेच. हँगर प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. ती वाकली आणि दुसरी नसली तर मोहीम रत्नागिरीची वाटही पाहत नाही, जेथे वाकली तेथेच संपते.

सामान पाठीवरच्या पिशवीत अजिबात नको. कॅरिअरला लटकणाऱ्या दोन पिशव्या, सात-आठ किलोंच्या आत. पॅड असलेल्या सायकलच्या चड्ड्या दोन, रोज एक धुवायची. दमट हवेत त्या रात्रीत वाळत नाहीत, म्हणून जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पिळाव्यात आणि पंख्याखाली टाकाव्यात. बूड सोलले तर मोहीम संपली, हे वाक्य सभ्य नसले तरी खरे आहे.

आणि पुळणीवर सायकल चालवू नये. छायाचित्र सुंदर येते हे कबूल, पण ओली वाळू आणि खारे पाणी साखळीत, बेअरिंगमध्ये आणि फ्रेमच्या सांध्यांत शिरते. चालवलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून साखळीला तेल द्यावे.

सहावी पायरी: मित्रांशी करार

ही पायरी सर्वांत अवघड आहे, आणि मित्र जितके जुने तितकी ती अधिक अवघड. चार ते सहा जणांचा गट चांगला. त्याहून मोठ्या गटाला घरगुती निवासात एकत्र जागा मिळत नाही आणि दर थांब्याला अर्धा तास जातो. निघण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी बसून काही प्रश्नांची उत्तरे बोलून ठरवावीत, कारण चौथ्या दिवशी, दमट उन्हात आणि उपाशीपोटी, ती ठरत नाहीत. फक्त भांडणे होतात.

वेग कोणाचा? सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा, आणि याला अपवाद नाही. जोरात जाणाऱ्याने सड्यावर चढून सावली शोधून थांबावे, पण मागचा पोहोचताच लगेच निघू नये. मागच्यालाही पाणी प्यायचे असते, हे साधे सूत्र जोरात जाणाऱ्याच्या ध्यानी राहत नाही. आमच्या पहिल्या खेपेतील अर्धी कटुता एवढ्या एका गोष्टीमुळे होती. प्रत्येक फाट्यावर आणि प्रत्येक जेट्टीवर सर्वांनी एकत्र यावे. शेवटी कोण चालणार हे रोज सकाळी ठरवावे. त्याच्याजवळ पंप आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, आणि त्याच्या मागे कोणीही राहू नये.

एखादा आजारी पडला किंवा त्याची सायकल मोडली तर काय, हेही आधीच ठरलेले असावे. आमच्यातील ठराव असा होता: एक दिवस सर्वांनी त्याच्यासाठी थांबायचे, दुसऱ्या दिवशी त्याने एसटीने किंवा टेम्पोने पुढच्या मुक्कामी यायचे, आणि त्यानंतरही जमले नाही तर एका सोबत्यासह परतायचे. एसटीने आलेल्याची थट्टा करायची नाही, हे कलम एकाच्या आग्रहावरून घातले होते. प्रत्यक्षात एसटीने येण्याची वेळ त्याच्यावरच आली.

पैशासाठी कॉन्ट्री काढून ती एकाच्या हाती द्यावी आणि त्याने रोज रात्री हिशेब सर्वांना दाखवावा. थोडी रोकड जवळ असू द्यावी. खाडीकाठच्या छोट्या गावांत नेटवर्क गेले की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

सातवी पायरी: रस्त्यावरचा प्रत्येक दिवस

पहाटे साडेपाचला उठून उजाडताच निघावे आणि अकरापर्यंत दिवसाच्या अंतराचा दोन तृतीयांश भाग मागे टाकावा. अकरा ते तीन विश्रांती, जमल्यास जेट्टीजवळच्या सावलीत. उरलेले अंतर तीननंतर, म्हणजे वारा पाठीशी असतो आणि अंधार पडायच्या आत मुक्काम येतो. अंधारात कोकणातल्या उतारावर चालवू नये. दिवा कितीही प्रखर असला तरी वळणापलीकडचे त्यात दिसत नाही.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता. दुपारच्या एका बाटलीत ओआरएस असावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ एवढे प्रमाण अचूक धरावे. मीठ अंदाजाने टाकू नये. शहाळे जेथे दिसेल तेथे घ्यावे. सोलकढी दुपारच्या जेवणात उत्तम. जेवणाबाबत मात्र संयम हवा: माशाचे ताट पाहून नागपूरकराचे भान सुटते, आणि भरल्या पोटी दाभोळचा चढ कसा लागतो हे मी अनुभवाने सांगू शकतो. मासे रात्री खावेत. दिवसा घावन, आंबोळी, पोहे, केळी आणि चिक्की. तर्री मिळणार नाही, पोह्यांवर ओले खोबरे येईल. दोन दिवसांत त्याचीही सवय होते.

आठवी पायरी: शेवटचे दोन दिवस

अपघात आणि चुका मोहिमेच्या शेवटी होतात, असे आमच्या टिपणवहीवरून दिसते. मालवण मागे पडले की गटाचे लक्ष उडते: कोणी घरी फोन करत असतो, कोणी गोव्यातली खोली शोधत असतो, आणि हेल्मेटचा पट्टा सैल राहतो. म्हणूनच वेंगुर्ल्याहून पुढचा टप्पा पस्तीस किलोमीटरचाच ठेवायचा. त्या सकाळी नेहमीप्रमाणे टायर, ब्रेक आणि सामानाचे पट्टे तपासावेत. मोचेमाड, १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडे, मग रेडी, असा रस्ता आहे. रेडीच्या पुढे शेवटचा चढ आणि त्यानंतर तेरेखोलचा किल्ला येतो. तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर असूनही हा किल्ला गोव्यात मोडतो. त्यामुळे ‘नदी ओलांडली की गोवा’ असे म्हणत असतानाच आपण गोव्यात शिरलेले असतो. पलीकडे केरीला जाणारी फेरीबोट हवी तर घ्यावी, पण परत सावंतवाडीला यायचे असेल तर मोहीम या काठावरच संपली असे आधीच ठरवून टाकावे. नाहीतर धक्क्यावर उभे राहून दोघे पलीकडे आणि तिघे अलीकडे, असा वाद होतो.

सर्वांनी शेवटचे पाच किलोमीटर एकत्र चालवावेत. ही भावनेची बाब आहे, पण तिला व्यवहाराची जोडही आहे. शेवटचा माणूस पोहोचण्याआधी पुढच्यांनी जेवण मागवलेले असेल, तर ते जेवण दोन्ही बाजूंना गोड लागत नाही.

पोहोचल्याच्या आनंदात समुद्रात शिरू नये. आपल्यापैकी बहुतेकांचे पोहणे तरणतलावातले. ओहोटीची ओढ, खाडीच्या मुखाजवळचा प्रवाह आणि दहा दिवसांचे थकलेले पाय यांचा मेळ जीवघेणा ठरू शकतो. स्थानिक माणसाला विचारून, भरतीच्या वेळी, गुडघाभर पाण्यात, आणि खाडीच्या मुखाशी तर मुळीच नाही.

नववी पायरी: नागपूरला परतल्यावर

सायकल रेल्वेने पाठवण्यापूर्वी पेडल काढून पिशवीत ठेवावेत, हँडल फिरवून फ्रेमला समांतर बांधावे, मागच्या गिअरभोवती पुठ्ठा गुंडाळावा, आणि नाव, फोन क्रमांक व स्थानक लिहिलेला कापडी तुकडा दोन ठिकाणी शिवावा. चिकटवलेला कागद गळून पडतो. बाटल्या, दिवे, मीटर ही सुटी होणारी वस्तू एकही सायकलवर ठेवू नये. नोंदणीची पावती घेताना सायकलींची संख्या वाचून पाहावी.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच सायकल पूर्ण धुवावी. वरून स्वच्छ दिसत असली तरी मीठ आत असते, आणि नागपूरच्या कोरड्या हवेत ते लगेच त्रास देत नाही म्हणून आपण विसरतो. पहिल्या पावसात ते जागे होते. सीटचा दांडा पूर्ण बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवावा. पेडलच्या आट्यांनाही ग्रीस द्यावे. माझ्या मित्राने हे काम जूनपर्यंत पुढे ढकलले, तेव्हा त्याचा दांडा फ्रेममध्ये असा अडकला की तो काढण्यासाठी सीताबर्डीच्या दुकानात दोन माणसे आणि एक करवत लागली.